सर्व्हर कुणी घडवला?

प्रस्तावना

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टी गावी दर शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. त्या बाजारात बैलाचे वय कोणी वर्षांत विचारत नाही, दातावर विचारतात. दुधाचे दात अजून पडले नसतील तर तो आदत. एक जोडी पडून कायमचे दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही दात आले की जुळलेला. गाईबैलांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, तेही आठच, आणि मधल्या जोडीपासून कडेकडे जोडीजोडीने ते बदलत जातात. पहिली जोडी दोन वर्षांच्या सुमारास बदलते, शेवटची साधारण पाचव्या वर्षापर्यंत. म्हणून तोंड उघडून पाहणाऱ्याला एका नजरेत वयाचा अंदाज येतो आणि त्यावरून भावाची बोलणी सुरू होतात.

हीच माहिती डेटाबेसच्या तक्त्यात साधा मजकूर म्हणून भरा आणि क्रमाने लावायला सांगा. उत्तर येते ते असे: आदत, चौसा, जुळलेला, दुसा, सहादाती. वर्णमालेच्या हिशेबाने ते बरोबर आहे, बाजाराच्या हिशेबाने चूक. चौसा दुशाच्या आधी येतो, जुळलेलाही दुशाच्या आधी येतो. डेटाबेसला दातांचा क्रम कळायला हवा असेल तर तो त्याला शिकवावा लागतो, आणि पोस्टग्रेसक्यूएलमध्ये तो शिकवता येतो. या पुस्तकाचे मुख्य उदाहरण तेच आहे. ‘दात’ नावाचा एक नवा डेटाटाइप आपण सी भाषेत लिहितो, त्याला आत घेणारे आणि बाहेर दाखवणारे फंक्शन देतो, लहानमोठे ठरवणारी फंक्शने देतो, त्यावर इंडेक्स चालेल अशी सोय करतो आणि हे सगळे एका एक्स्टेन्शनमध्ये बांधतो. जाणकार वाचक लगेच म्हणेल की एवढ्यासाठी सी कशाला, २००८ सालच्या ८.३ आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये एनम आहे, पाच नावे क्रमाने लिहिली की काम झाले. त्याचे म्हणणे खरे आहे, आणि खऱ्या बाजाराच्या नोंदवहीसाठी मीही एनमच वापरीन. पण एक्स्टेन्शन लिहायला शिकायचे तर विषय छोटा आणि ओळखीचा हवा. दातांइतका ओळखीचा विषय या भागात दुसरा नाही.

पुस्तकातली बहुतेक प्रकरणे कोड कसा लिहायचा हे सांगतात. ही प्रस्तावना त्याआधीच्या एका गोष्टीबद्दल आहे. ती माहीत नसेल तर कोड अचूक असूनही सर्व्हर कोसळतो. ज्या कंपाइलरने सर्व्हर घडवला तो एक आणि ज्या कंपाइलरने आपण आपले एक्स्टेन्शन घडवतो तो दुसरा, असे झाले तर काय होते, हा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न पोस्टग्रेसमध्येच इतका महत्त्वाचा का, याचे कारण त्याच्या जन्मात आहे. १९८६ साली बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी पोस्टग्रेसचा आराखडा मांडला तेव्हा वापरणाऱ्याला स्वतःचे डेटाटाइप आणि स्वतःची फंक्शने घालता यावीत हा मूळ उद्देशांपैकी एक होता. क्रिएट एक्स्टेन्शन ही आज्ञा बरीच उशिरा, २०११ साली ९.१ आवृत्तीत आली, पण तिच्या मागचा विचार पहिल्या दिवसापासूनचा आहे. नकाशांसाठी पोस्टजीआयएस असो की व्हेक्टर शोधासाठी पीजीव्हेक्टर, दोन्ही याच दाराने आत येतात. आणि आत येतात म्हणजे खरोखरच आत येतात. लायब्ररीची फाइल, लिनक्सवर एसओ आणि विंडोजवर डीएलएल, सर्व्हरच्या प्रोसेसमध्येच लोड होते. आपला कोड आणि सर्व्हरचा कोड यांच्यामध्ये भिंत नसते. आपल्या फंक्शनने भलत्या पत्त्यावर लिहिले तर ती प्रोसेस मरते, आणि सामायिक मेमरी बिघडली असेल या भीतीने पोस्टमास्टर, म्हणजे सर्व्हरची मुख्य प्रोसेस, बाकीच्या सगळ्या जोडण्याही तोडतो आणि रिकव्हरी करून सर्व्हर नव्याने उभा करतो. एका टेबलावर बसलेल्या माणसाच्या चुकीमुळे बाजार समितीच्या सगळ्या टेबलांवरचे काम थांबावे, तसा हा प्रकार आहे.

आता काष्टी, श्रीगोंदा, दौंड इथल्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर काय असते ते पाहू. लॅपटॉप विंडोजचा. त्यावर पोस्टग्रेस टाकलेले असते ते एंटरप्राइजडीबीच्या इन्स्टॉलरमधून, कारण विंडोजसाठी सर्वांत सोपी वाट तीच आहे. तो सर्व्हर मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस कंपाइलरने घडवलेला असतो. सी भाषा शिकण्यासाठी मात्र कॉलेजात कोडब्लॉक्स किंवा डेव्ह-सी प्लस प्लस दिलेले असते, आणि त्यांच्यासोबत येतो तो मिनजीडब्ल्यू, म्हणजे विंडोजवर चालणारा जीसीसी. विद्यार्थी पोस्टग्रेसच्या हेडर फाइली दाखवतो, मिनजीडब्ल्यूने आपली डीएलएल बनवतो आणि सर्व्हरला देतो. दोन कंपाइलर एकाच प्रोसेसमध्ये भेटतात ते इथे. कोणी ठरवून हे केलेले नसते, सोयीने घडत जाते. कॉलेजच्या जुन्या सीडीवरचा कंपाइलर ३२ बिटांचा निघाला तर ६४ बिटांचा सर्व्हर ती फाइल लोडच करत नाही. ते बरेच म्हणायचे, कारण चूक दारातच कळते. अवघड जातात त्या दारातून आत गेलेल्या चुका.

सर्व्हर कुणी घडवला हे तो स्वतःच सांगतो. पीएसक्यूएलमध्ये सिलेक्ट व्हर्जन एवढी एक ओळ चालवली की आवृत्ती, प्लॅटफॉर्म आणि कंपाइलरचे नाव समोर येते. लिनक्सवर बहुधा जीसीसी आणि त्याचा क्रमांक दिसतो, विंडोजच्या इन्स्टॉलरमधल्या सर्व्हरवर व्हिज्युअल सी प्लस प्लस किंवा एमएसव्हीसी दिसते. पीजी_कॉन्फिग हे छोटे साधन त्याहून जास्त सांगते: सर्व्हर घडवताना कोणते फ्लॅग दिले होते, हेडर फाइली कुठे आहेत, लायब्ररी कुठे ठेवायच्या. काम करणाऱ्या प्रत्येकाने एक्स्टेन्शनची पहिली ओळ लिहिण्याआधी हे दोन्ही पाहावे असा माझा आग्रह आहे. पाच मिनिटांचे काम आहे आणि त्याने पुढचे आठवडे वाचतात.

दोन कंपाइलरांमध्ये नेमके काय जुळावे लागते? फंक्शनला आर्ग्युमेंट कुठल्या रजिस्टरमधून द्यायचे, उत्तर कुठल्या रजिस्टरमध्ये ठेवायचे, स्ट्रक्टमधले कोणते फील्ड कितव्या बाइटवर बसते, इंट किती बाइटांचा आणि लाँग किती बाइटांचा, एनम किती जागा घेतो. या सगळ्या करारांना मिळून एबीआय म्हणतात. लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग हे दोघेही सिस्टिम फाइव्हचा एकच लिखित करार पाळतात. पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंट सहा ठरलेल्या रजिस्टरमधून जातात आणि त्या क्रमाबद्दल दोघांत वाद नाही. ६४ बिटांच्या विंडोजचा करार वेगळा आहे, तिथे रजिस्टर चारच आहेत, पण मायक्रोसॉफ्टचा कंपाइलर आणि मिनजीडब्ल्यू दोघेही तोच पाळतात. म्हणजे सी भाषेतले साधे फंक्शन एका कंपाइलरने लिहिले आणि दुसऱ्याने हाक मारली तर ते चालते. इथवर सगळे ठीक वाटते, आणि यामुळेच लोक फसतात.

पोस्टग्रेसच्या निर्मात्यांनी हा करार शक्य तितका अरुंद ठेवला आहे, हे आवर्जून सांगायला हवे. जुनी पद्धत, जिला व्हर्जन झिरो म्हणत, तिच्यात सी फंक्शनला आर्ग्युमेंट सरळ दिली जात. बूल परत करणारे फंक्शन रजिस्टरचा फक्त खालचा एक बाइट भरायचे आणि हाक मारणारा पूर्ण रजिस्टर वाचायचा. वरच्या बाइटांत कचरा राहिला तर ‘नाही’चे ‘हो’ व्हायचे. कचरा राहणार की नाही हे कंपाइलरच्या मर्जीवर होते. २०१७ साली १० व्या आवृत्तीत ही पद्धत काढून टाकली. आता उरली ती व्हर्जन वन. तिच्यात प्रत्येक फंक्शनला एकच पॉइंटर मिळतो, सगळी आर्ग्युमेंट त्या पॉइंटरमागच्या स्ट्रक्टमध्ये असतात, आणि परतही एकाच ठरावीक आकाराचा डेटम जातो. मतभेदाला जागाच फारशी उरत नाही. मेमरीचेही तसेच आहे. एक्स्टेन्शनने मॅलॉक वापरायचा नसतो, पॅलॉक वापरायचा असतो, आणि पॅलॉक आणि पीफ्री ही दोन्ही फंक्शने सर्व्हरच्याच पोटात आहेत. एका रनटाइमने दिलेली मेमरी दुसऱ्या रनटाइमने परत करायची, हा विंडोजवरचा नेहमीचा अपघात त्यामुळे इथे होत नाही. १२ व्या आवृत्तीपासून एसप्रिंटएफ कुळातली फंक्शनेही सर्व्हर स्वतःचीच वापरतो, म्हणून आकडे छापण्याच्या पद्धतीतला फरकही मिटला.

मग राहिले काय? तीन ठिकाणे राहिली, आणि तिन्ही ठिकाणी सर्व्हर आपल्याला सावध करत नाही. सावध करण्यासाठी पोस्टग्रेसमध्ये एक व्यवस्था आहे, पीजी_मॉड्यूल_मॅजिक. २००६ च्या ८.२ आवृत्तीपासून प्रत्येक लायब्ररीत हा मॅक्रो असावाच लागतो. लायब्ररी लोड करताना सर्व्हर त्यातली माहिती आपल्या माहितीशी ताडून पाहतो: मुख्य आवृत्ती कोणती, फंक्शनला कमाल आर्ग्युमेंट किती (नेहमीचे उत्तर १००), इंडेक्समध्ये कमाल कॉलम किती (३२), नावाची लांबी किती (६४), आठ बाइटांची संख्या मूल्य म्हणून जाते की पत्ता म्हणून, आणि १५ व्या आवृत्तीपासून एबीआय ओळखण्यासाठी एक छोटा मजकूर. एवढे जुळले की आत प्रवेश. या यादीत कंपाइलरचे नाव नाही. कुठल्या सी रनटाइमशी लायब्ररी जोडली आहे तेही नाही. त्याला कारण आहे: जीसीसीच्या सर्व्हरवर क्लँगची लायब्ररी चालणे हे रास्तच आहे आणि ते अडवणे चुकीचे झाले असते. पण या तपासणीतून पार पडले म्हणजे सगळे जुळले, असा समज करून घेऊ नये.

तीन ठिकाणांपैकी सर्वांत घातक ठिकाण चूक हाताळण्याचे आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. समजा नोंद करणाऱ्याने दाताच्या जागी ‘पाचदाती’ असे टाइप केले. असा बैल नसतो, दात जोडीने येतात. आपले आत घेणारे फंक्शन ई-रिपोर्ट करून चूक उठवते. सी भाषेत एक्सेप्शन नाहीत, म्हणून पोस्टग्रेस हे काम सेटजंप आणि लाँगजंप या जुन्या जोडीवर करतो. आधी सेटजंपने परतीची जागा नोंदवायची: त्या क्षणी स्टॅक कुठे होता, कोणत्या रजिस्टरमध्ये काय होते. चूक झाली की लाँगजंप ती नोंद वाचतो आणि मधली सगळी फंक्शने सोडून थेट त्या जागी उडी घेतो. ही नोंद ज्या तुकड्यात ठेवतात त्याला जंप बफर म्हणतात. सर्व्हर स्वतः एक परतीची जागा ठेवून असतोच. त्यामुळे आपण नुसती चूक उठवली तर नोंद सर्व्हरची आणि उडीही सर्व्हरचीच, हे बहुतेक वेळा निभून जाते.

गोष्ट बदलते ती आपण पीजी_ट्राय वापरतो तेव्हा. बाजाराच्या पावत्यांची एखादी फाइल वाचणारे फंक्शन लिहिले, आणि मध्येच चूक झाली तर आधी फाइल बंद करून मग चूक पुढे पाठवायची, असे ठरवले, तर पीजी_ट्राय लागतोच. आणि पीजी_ट्राय हा मॅक्रो आहे, फंक्शन नाही. तो आपल्या फाइलमध्ये उलगडतो, आपल्या कंपाइलरने कंपाइल होतो. जंप बफर आपला कंपाइलर भरतो, त्याचा पत्ता सर्व्हरच्या एका जागतिक व्हेरिएबलमध्ये ठेवला जातो, आणि चूक झाली की उडी मारतो तो सर्व्हरचा कोड. नोंद एकाने लिहिली, वाचणार दुसरा. ६४ बिटांच्या विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा जंप बफर २५६ बाइटांचा असतो. मिनजीडब्ल्यूच्या मूळ सेटजंपमध्ये अडचणी होत्या म्हणून पोस्टग्रेसच्या हेडर फाइली त्याच्यासाठी कंपाइलरमधली अंगभूत जोडी वापरतात, आणि तिचा बफर पाच पॉइंटरांचा, म्हणजे ४० बाइटांचा. सर्व्हरचा लाँगजंप आपल्या ४० बाइटांना २५६ बाइटांची नोंद समजून वाचतो. स्टॅकचा पत्ता म्हणून जे हाती लागते ते स्टॅकचा पत्ता नसते. प्रोसेस तिथेच संपते.

यातली खरी वाईट गोष्ट ही की चांगल्या नोंदींवर काहीच होत नाही. हजार पावत्या वाचा, सगळ्या बरोबर असतील तर एकही उडी मारावी लागत नाही. चाचण्या पार पडतात, दाखवायच्या दिवशी सगळे सुरळीत चालते. पहिली ‘पाचदाती’ नोंद आली की सर्व्हर कोसळतो, आणि शोधणारा माणूस आपल्या दाताच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. तिथे ती नसतेच. म्हणून पुस्तकातल्या, दातांचा सी कोड असलेल्या प्रत्येक प्रकरणाच्या चाचण्यांमध्ये चुकीची नोंद मुद्दाम घातली आहे, तीही पीजी_ट्रायच्या आत. हा भाग कृपया गाळू नये.

दुसरे ठिकाण सी रनटाइमचे. विंडोजवर एकाच प्रोसेसमध्ये एकाहून जास्त सी रनटाइम असू शकतात. जुना मिनजीडब्ल्यू एमएसव्हीसीआरटी या जुन्या डीएलएलशी जोडतो, आजचा व्हिज्युअल सी प्लस प्लस यूसीआरटीशी. सर्व्हरच्या अलोकेटफाइल फंक्शनने उघडून दिलेली फाइल ही सर्व्हरच्या रनटाइमची वस्तू असते. ती आपण आपल्या रनटाइमच्या एफगेट्सला दिली तर तो भलत्याच रचनेचे स्ट्रक्ट वाचतो. एमएसवायएस-२ मध्ये आता यूसीआरटीवर बांधणारा मिनजीडब्ल्यूही मिळतो आणि तो वापरला तर हे दुसरे ठिकाण बरेचसे सुरक्षित होते. पहिले होत नाही. हा फरक नीट लक्षात ठेवावा.

तिसरे ठिकाण फ्लॅगांचे, आणि ते लिनक्सवरही आहे. पोस्टग्रेस जीसीसीला एफ-रॅपव्ही हा फ्लॅग देऊन घडवला जातो. चिन्हाच्या पूर्णांकांची बेरीज मर्यादेबाहेर गेली तर ती गोल फिरून येते, असे हा फ्लॅग कंपाइलरला बजावतो. तो नसेल तर सी भाषेच्या नियमाप्रमाणे कंपाइलर असे मानू शकतो की मर्यादेबाहेर काही जाणारच नाही, आणि मर्यादा तपासणारी तुमची ओळच काढून टाकू शकतो. पीजीएक्सएस ही पोस्टग्रेसची मेकफाइल वापरली तर योग्य फ्लॅग आपोआप मिळतात. हाताने जीसीसीची आज्ञा टाइप करणाऱ्याला ते मिळत नाहीत. म्हणजे कंपाइलर तोच असूनही तो वेगळाच ठरतो. याहून आश्चर्याचे उदाहरण एफफास्ट-मॅथचे आहे. जीसीसी १३ च्या आधी हा फ्लॅग देऊन सामायिक लायब्ररी जोडली की तिच्यात सुरुवातीचा एक छोटा कोड चिकटायचा, आणि लायब्ररी लोड होताच तो प्रोसेसरची फार लहान दशांश संख्यांना शून्य मानण्याची पद्धत चालू करायचा. आपल्या एक्स्टेन्शनपुरती नव्हे, त्या प्रोसेसमधल्या सगळ्या हिशेबांसाठी. दातांचे एक्स्टेन्शन लोड केले आणि भलत्याच तक्त्याची सरासरी किंचित बदलली, असे शक्य होते. पोस्टग्रेस स्वतः हा फ्लॅग देऊन घडवू पाहिले तर नकार देतो, तो योग्यच आहे.

कंपाइलरच्या नावावर खपवले जाते पण खरे तर प्लॅटफॉर्मचे असते, असेही एक कोडे आहे. जनावरांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो आणि आपल्या तक्त्यात तो लागतोच. लिनक्सच्या ६४ बिटांवर लाँग आठ बाइटांचा असतो, विंडोजवर चारच बाइटांचा, मग कंपाइलर कुठलाही असो. चार बाइटांच्या लाँगमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४७,४८३,६४७ आहे, दहा अंकी. विंडोजवर स्ट्रटॉलने बारा अंकी क्रमांक वाचला तर तो नेमका हाच आकडा परत करतो, म्हणजे बाजारातल्या सगळ्या जनावरांना एकच क्रमांक लागतो. उपाय सोपा आहे. लाँग लिहायचाच नाही, पोस्टग्रेसने दिलेला इंट६४ लिहायचा आणि तक्त्यात बिगइंट ठेवायचा.

लिनक्सवर काम करणाऱ्यांना वेगळा अनुभव येतो आणि तो बहुतेकांना येतोच. सर्व्हर जीसीसीने घडवलेला, आपल्याकडेही जीसीसी, तरी मेक चालवले की क्लँग सापडत नाही अशी तक्रार येते. २०१८ च्या ११ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये जेआयटी आहे आणि ती एलएलव्हीएमवर चालते. क्वेरी चालतानाच तिच्यासाठी मशीन कोड तयार करायचा आणि त्यात आपली फंक्शनेही मिसळून घ्यायची, तर त्या फंक्शनांचे एलएलव्हीएमच्या बिटकोडमधले रूप लागते, आणि ते क्लँगच देऊ शकतो. म्हणून तयार पॅकेजमधला सर्व्हर एलएलव्हीएमसह घडवला असेल तर एक्स्टेन्शन दोनदा कंपाइल होते, एकदा जीसीसीने आणि एकदा क्लँगने. म्हणजे इथे दोन कंपाइलर ही चूक नसून रचनाच आहे. बिटकोड नको असेल तर मेकला विथ_एलएलव्हीएम=नो सांगावे, एक्स्टेन्शन चालते, फक्त त्याची फंक्शने जेआयटीत मिसळत नाहीत. बिटकोड हवा असेल तर क्लँगची आवृत्ती सर्व्हरच्या एलएलव्हीएमपेक्षा नवी नसावी, कारण जुना एलएलव्हीएम नवा बिटकोड वाचेलच याची खात्री नसते.

कंपाइलर ही दूरच्या कुणाची तरी गोष्ट आहे, आपण ती फक्त डाउनलोड करायची, असे आपल्याकडे फार जण मानतात. ते मला पटत नाही. पवईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे यांनी कंपाइलरच्या ऑप्टिमायझेशनवर मूलभूत काम केले, सिस्टिम प्रोग्रॅमिंगचे त्यांचे पुस्तक देशभर शिकवले गेले. त्यांच्यासोबत डेटा फ्लो ॲनालिसिसवर काम केलेल्या उदय खेडकर यांनी त्याच संस्थेत जीसीसी रिसोर्स सेंटर चालवले आणि जीसीसीच्या पोटात काय चालते ते कार्यशाळा घेऊन शिकवले. एलएलव्हीएम ज्यांच्या मार्गदर्शनाखाली इलिनॉय विद्यापीठात सुरू झाला ते विक्रम अडवे आयआयटी मुंबईतूनच शिकून गेले होते. डेटाबेसचे जगभर वाचले जाणारे पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या तिघांपैकी एस. सुदर्शन हेही पवईचेच. पोस्टग्रेसच्या ११ व्या आवृत्तीत आलेल्या पार्टिशनवाइज जॉइनचे काम आशुतोष बापट यांच्या नावावर नोंदलेले आहे. कंपाइलर आणि डेटाबेस हे दोन्ही विषय महाराष्ट्रात जाणले जातात, शिकवले जातात. मात्र मराठीत ते लिहिले गेलेले फारसे दिसत नाहीत, आणि श्रीगोंद्याच्या विद्यार्थ्याला एबीआय हा शब्द पहिल्यांदा ऐकू येतो तो पुण्याच्या नोकरीत, सर्व्हर पडल्यावर. ही वेळ त्याच्यावर येऊ नये म्हणून हे पुस्तक मराठीत आहे.

आता पुस्तक कसे वापरायचे ते सांगतो. पहिल्या प्रकरणात दातांचा उल्लेखही नाही. त्यात पोस्टग्रेसचा सोर्स आणून वाचकाने स्वतःच्या कंपाइलरने सर्व्हर घडवायचा आहे, एनेबल-डीबग आणि एनेबल-कॅसर्ट हे पर्याय देऊन. शिकण्यासाठी याहून चांगली सोय नाही: सर्व्हर आणि एक्स्टेन्शन एकाच हातचे होतात, आणि आतली गृहीतके मोडली की सर्व्हर कुठे मोडली ते सांगतो. विंडोजवर ज्यांना तयार सर्व्हरच वापरायचा आहे त्यांनी मिनजीडब्ल्यू बाजूला ठेवावा आणि व्हिज्युअल स्टुडिओची मोफत मिळणारी बिल्ड टूल्स घ्यावीत. पीजीएक्सएस तिथे चालत नाही, म्हणून दुसऱ्या प्रकरणात तिथली बांधणी स्वतंत्र दिली आहे. १६ व्या आवृत्तीत मेसन ही नवी बांधणी-व्यवस्था आली आणि १७ व्या आवृत्तीत विंडोजसाठीच्या जुन्या पर्ल स्क्रिप्ट काढून टाकल्या, त्यामुळे इंटरनेटवर सापडणारी जुनी मार्गदर्शने आता लागू पडत नाहीत.

जागतिक व्हेरिएबलांबद्दल एक सूचना. १५ व्या आवृत्तीआधी सर्व्हरची अनेक व्हेरिएबले विंडोजवर बाहेरून दिसावीत अशी खूण केलेली नव्हती. मिनजीडब्ल्यूचा लिंकर ती ओढून घ्यायचा, मायक्रोसॉफ्टचा नकार द्यायचा, आणि एकाच्या जोरावर लिहिलेले एक्स्टेन्शन दुसऱ्यावर जोडलेच जात नसे. १५ पासून ती खूण सर्वत्र आहे, म्हणून पुस्तकातली उदाहरणे १५ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठीच आहेत.

सी प्लस प्लसवर एकच प्रकरण आहे, तेही आवरते. सी प्लस प्लसचे एक्सेप्शन आपल्या कोडमधून बाहेर सर्व्हरच्या कोडमध्ये जाऊ द्यायचे नाही, आणि सर्व्हरच्या लाँगजंपला डिस्ट्रक्टर असलेल्या स्टॅकवरून उडी मारू द्यायची नाही, हे दोन नियम पाळले तर पुष्कळ झाले. दोन वेगळ्या कंपाइलरांची सी प्लस प्लस लायब्ररी एकमेकांशी सरळ बोलू शकतील असे गृहीत धरू नये. पोस्टजीआयएस ज्या जीईओएस लायब्ररीवर उभे आहे ती आतून सी प्लस प्लस आहे, पण पोस्टजीआयएस तिच्याशी बोलते ते तिच्या सी रूपातून, आणि तो नमुना गिरवण्यासारखा आहे.

शेवटचे प्रकरण रस्टचे आहे. पीजीआरएक्समुळे आता एक्स्टेन्शन रस्टमध्ये लिहिता येतात, म्हणजे सर्व्हर जीसीसीचा आणि लायब्ररी रस्टसीची, कंपाइलर अगदी उघडपणे वेगळे. तरी ती चालतात, कारण पीजीआरएक्सच्या लेखकांनी तो जंप बफरचा प्रश्नच आधी हाताळला. रस्टमधून पोस्टग्रेसच्या सी फंक्शनला मारलेल्या प्रत्येक हाकेभोवती सिगसेटजंपचे कुंपण घातलेले असते. सर्व्हरने मारलेली उडी तिथे पकडून तिचे रस्टच्या पॅनिकमध्ये रूपांतर होते, आणि रस्टमधून बाहेर निघालेला पॅनिक पुन्हा पोस्टग्रेसची चूक बनून सर्व्हरकडे जातो. त्या प्रकरणात ‘दात’ पुन्हा एकदा, या वेळी रस्टमध्ये, लिहिला आहे. सी आणि रस्ट दोन्हींतली एक्स्टेन्शने एकाच सर्व्हरवर शेजारी शेजारी लोड करून दोघांनाही ‘पाचदाती’ ही नोंद द्यावी. दोघांकडूनही चुकीबद्दलचा एकसारखाच संदेश यायला हवा, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रोसेस कोसळल्याची एकही ओळ दिसता कामा नये.

काष्टी, ता. श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर